राखणीचा किनारा

डिसेंबर १८१० मधली गोष्ट. ब्रिटिश आरमाराच्या ‘निम्फ’ आणि ‘पॅलास’ या दोन फ्रिगेटी स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याला लागून फोर्थच्या खाडीकडे निघाल्या होत्या. रात्र होती. दूरवर तांबडा जाळ दिसला. तो मे बेटावरचा दिवाच असणार, असं धरून चालल्यानं दोन्ही जहाजं वाट चुकली आणि डनबारजवळच्या किनाऱ्यावर आपटून गेली. जाळ होता एका चुन्याच्या भट्टीचा.

त्या खलाशांना हसण्यात अर्थ नाही. मे बेटावरचा दिवा म्हणजे तरी काय होतं? १६३६ साली बांधलेल्या चौकोनी दगडी मनोऱ्याच्या गच्चीवर, लोखंडी शेगडीत पेटवलेला कोळशाचा ढीग. वर्षाकाठी शेकडो टन कोळसा त्यात जळायचा. सोसाट्याचा वारा सुटला की जाळ वाऱ्यामागे झुके, आणि वाऱ्याच्या तोंडच्या बाजूनं येणाऱ्या जहाजाला नीट उजेड मिळत नसे. दिवा खाजगी मालकीचा होता. जवळून जाणाऱ्या जहाजांकडून टनावारी पट्टी घ्यायची आणि त्यातून कोळसा विकत घेऊन उरलेलं खिशात घालायचं, असा तो व्यवहार. जानेवारी १७९१ मध्ये मनोऱ्याखाली साचलेल्या राखेच्या ढिगात निखारे धुमसत राहिले आणि त्या धुरानं जॉर्ज अँडरसन हा दिवेकरी, त्याची बायको आणि पाच मुलं घरातच गुदमरून मेली. एक तान्ही मुलगी तेवढी जिवंत सापडली. तरीही शेगडी पेटतच राहिली. पुढे १८१४ साली सरकारी दीपगृह मंडळानं ६०,००० पौंड मोजून हे बेट आणि पट्टीचा हक्क विकत घेतला, आणि १८१६ साली तिथे तेलाचे दिवे असलेला नवा मनोरा उभा राहिला. म्हणजे कोळशाची ती शेगडी एकशे ऐंशी वर्षं चालली.

या पुस्तकात तीन विषय एकत्र आले आहेत : दीपगृहं, समुद्रातल्या बचावाची व्यवस्था आणि जुने पूल. तिन्हींवर इंग्रजीत ग्रंथांचे ढीग आहेत, पण वेगवेगळ्या कपाटांत. दीपगृहांच्या पुस्तकात भिंगं आणि मनोरे, बचावनौकांच्या पुस्तकात शूरवीर, पुलांच्या पुस्तकात गर्डर आणि कमानी. मी किनारा एकच धरला आहे. इंग्लंडच्या ईशान्येकडल्या टाइन नदीच्या मुखापासून स्कॉटलंडमधल्या टे नदीच्या मुखापर्यंत. सरळ रेषेत हे अंतर सव्वाशे मैलांहून कमी भरेल. त्यात ट्वीड आणि फोर्थ ही आणखी दोन मोठी मुखं, फार्न बेटांचा काळा पुंजका आणि आर्ब्रोथ गावासमोर भर समुद्रात बुडालेला एक खडक. एवढ्याशा पट्ट्यात तिन्ही गोष्टींच्या इतिहासातले कितीतरी निर्णायक प्रसंग घडले. आणि घडवणारी माणसं बऱ्याचदा तीच ती होती.

मराठी वाचकाला हा किनारा वाटतो तितका परका नाही. ट्वीड नदीवर बेरिक इथे २८ कमानींचा जो रेल्वेपूल १८५० साली खुला झाला, त्याचा अभियंता रॉबर्ट स्टीफन्सन. हाच स्टीफन्सन मुंबई-ठाणे लोहमार्ग टाकणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा सल्लागार होता, आणि मुंबईला प्रमुख अभियंता म्हणून आलेला जेम्स बर्कली त्याच्याच हाताखाली तयार झालेला. मुंबईच्या दक्षिण टोकापलीकडे प्राँग्स खडकावर थॉमस ऑर्मिस्टननं १८७५ मध्ये पुरं केलेलं दगडी दीपगृहही लाटांच्या माऱ्यात उभ्या राहणाऱ्या मनोऱ्यांच्या ज्या घराण्यातलं आहे, त्याचा मोठा पूर्वज याच किनाऱ्यासमोर उभा आहे. (एक सूचना आत्ताच करून ठेवतो. पुस्तकात रॉबर्ट स्टीफन्सन आणि रॉबर्ट स्टीव्हन्सन असे दोन वेगळे गृहस्थ आहेत. पहिला रेल्वेवाला, दुसरा दीपगृहवाला. दोघांचा गोंधळ इंग्रज वाचकांचाही होतो.)

बांधणाऱ्यांची नावं दगडावर कोरली जातात, राखणाऱ्यांची बहुधा पगारपत्रकात राहतात. इतिहास लिहिताना दगड वाचणं सोपं असतं. पण मनोरा एकदाच बांधला जातो आणि दिवा रोज लावावा लागतो. पूल एकदाच खुला होतो आणि त्याचे सांधे रोज कुणीतरी पाहावे लागतात. कोकणात गावाचा राखणदार असतो. त्याचं देऊळ मोठं नसतं, पण वर्षाचा मान चुकत नाही. या किनाऱ्यानं आपल्या राखणदारांना काय दिलं, कधी दिलं आणि केव्हा विसरला, हा माझा खरा विषय आहे. अभियंते अर्थातच येतील. त्यांच्याशिवाय चालायचं कसं?

इथे, प्रस्तावनेत, सुरुवात बेल रॉकपासून करायला हवी. आर्ब्रोथपासून सुमारे अकरा मैलांवर हा खडक आहे, आणि टे व फोर्थ या दोन्ही खाड्यांच्या वाटेत तो नेमका आडवा येतो. भरतीला बारा-एक फूट पाण्याखाली, ओहोटीला थोडा वेळ माथा वर. दिसत नाही म्हणूनच तो भयंकर. १७९९ च्या डिसेंबरातल्या वादळात या किनाऱ्यावर सत्तरच्या आसपास जहाजं गेली. १८०४ च्या जानेवारीत ‘यॉर्क’ ही चौसष्ट तोफांची युद्धनौका सगळ्या माणसांसकट नाहीशी झाली, आणि ती इथेच आपटली असावी असा समज झाला. व्यापाऱ्यांची गलबतं बुडत होती तोवर खर्चाचा प्रश्न निघत राहिला. आरमाराचं जहाज गेलं आणि १८०६ साली पार्लमेंटनं कायदा केला. हे मी कुत्सितपणे म्हणत नाही. कुणाचं जहाज बुडालं की दिवा लागतो, हा प्रश्न या विषयात पुन्हा पुन्हा येतो.

१८०७ च्या ऑगस्टमध्ये काम सुरू झालं. खडक उघडा पडेल तेवढाच वेळ हातात. पाथरवट कुदळी घेऊन पायाचा खड्डा खणत, आणि जेम्स डोव्ह नावाचा लोहार तिथेच भट्टी लावून बोथट झालेल्या कुदळींना धार देत उभा. वरच्या अंगाला ठिणग्या, गुडघ्यापर्यंत समुद्र. लाट आली की भट्टी विझायची. मग सगळे होड्यांत बसून जवळच नांगरलेल्या जहाजावर परत. नेपोलियनशी युद्ध चालू होतं, दर्यावर्दी माणसांना रस्त्यातून पकडून आरमारात घालायची मुभा होती. म्हणून या कामावरच्या खलाशांना पकडू नये यासाठी बिल्ले आणि दाखले द्यावे लागले. रविवारचा प्रश्नही निघाला. जागेवरचा अभियंता रॉबर्ट स्टीव्हन्सन म्हणाला, खडक ओहोटी पाहतो, वार पाहत नाही. काही गवंड्यांनी धर्माला स्मरून नकार दिला. त्यांना त्यानं कामावरून काढलं नाही, ही गोष्ट मला त्याच्या सगळ्या आकडेमोडीपेक्षा मोठी वाटते.

२ सप्टेंबर १८०७ चा प्रसंग पुस्तकात सविस्तर येईल. इथे थोडक्यात सांगतो. खडकावर बत्तीस माणसं काम करत होती. त्यांना आणणाऱ्या जहाजाचं नाव होतं ‘स्मीटन’. या स्मीटनविषयी पुढे बोलायचं आहे. वाऱ्यानं त्या जहाजाचा दोर तुटला आणि ते वाहत दूर गेलं. उरल्या दोन होड्या. त्या सगळ्यांना पुरणाऱ्या नव्हत्या. सुरुवातीला हे फक्त स्टीव्हन्सनच्या लक्षात आलं. माणसं मान खाली घालून खणत होती. पाणी चढू लागलं, हत्यारं गोळा झाली, आणि सगळे आपापल्या जागेकडे वळले तर एक होडी नाही. कुणीच काही बोललं नाही. स्टीव्हन्सन बोलायला गेला तर तोंड इतकं कोरडं पडलेलं की शब्द फुटेना. खडकाच्या खळग्यातलं खारं पाणी त्यानं तोंडात घेतलं आणि मान वर करतो तोच कुणीतरी ओरडलं, होडी आली! आर्ब्रोथचा वाटाड्या नावाडी जेम्स स्पिंक टपाल घेऊन आला होता. बचावाला नव्हे, पत्रं द्यायला. पुढे मंडळाकडून त्याला लहानसं निवृत्तिवेतन मिळालं. बेल रॉकच्या दीपगृहाचा इतिहास लिहिताना स्पिंकला तळटीप देण्याची प्रथा आहे. मी त्याला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे.

१ फेब्रुवारी १८११ रोजी दिवा लागला. त्या दोन फ्रिगेटी फुटल्या त्याला दोन महिनेही झाले नव्हते. मनोऱ्याची उंची सुमारे ११५ फूट. बाहेरून ग्रॅनाइट, आत वालुकाश्म, आणि प्रत्येक दगड शेजारच्या दगडात खाचेनं अडकवलेला. आर्ब्रोथच्या घडाईच्या आवारातून हे दगड ओढण्याचं काम बॅसी नावाच्या एका घोड्यानं केलं. मनोऱ्याचं श्रेय कुणाचं, यावरून मात्र पुढे दोन घराणी भांडली. मंडळाचा मुख्य अभियंता जॉन रेनी, जागेवर राबणारा स्टीव्हन्सन. रेनीनं आराखड्यात केलेले बदल नाकारता येत नाहीत. पण लाटा अंगावर घेतल्या त्या स्टीव्हन्सननं. या वादात मी फार रेंगाळलेलो नाही. मला १८१३ साली आर्ब्रोथच्या बंदराशेजारी बांधलेली संकेतघराची इमारत जास्त बोलकी वाटते. तिथे दिवेकऱ्यांची कुटुंबं राहत. रोज सकाळी ठरल्या वेळी खडकावरच्या मनोऱ्यावर तांब्याचा गोळा वर चढे : सगळं ठीक. किनाऱ्यावरूनही तसाच गोळा चढे. चढला नाही तर बंदरातली नौका निघे. दिवेकऱ्याच्या घरी मूल झालं, तर मुलगा की मुलगी हे कळवायला खांबावर विजार किंवा झगा चढवत, असं आर्ब्रोथमध्ये सांगतात.

आता बचावाकडे. इथे एक गैरसमज सुरुवातीलाच दूर करायला हवा. बचावाची व्यवस्था दर्यावर्द्यांनी उभी केली असं वाटतं. या किनाऱ्यावर तिची सुरुवात एका पाद्र्यानं केली. फार्न बेटांच्या समोर बॅम्बरोचा किल्ला आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो एका धर्मादाय निधीच्या ताब्यात होता आणि डॉ. जॉन शार्प त्याचा कारभार पाहत. वादळ असलं की घोडेस्वार किनाऱ्यावर गस्त घालत, धुक्यात तोफ वाजे, आणि वाचलेल्या खलाशांसाठी किल्ल्यात बिछाने तयार असत. १७८६ साली शार्प यांनी लायनेल ल्यूकिन या लंडनच्या गाड्या बांधणाऱ्या कारागिराकडून एक मासेमारी होडी बुडू नये अशी करून घेतली. तिकडे टाइनच्या मुखाशी १७८९ च्या मार्चमध्ये ‘अ‍ॅडव्हेंचर’ हे जहाज वाळूच्या दांड्यावर रुतलं. किनाऱ्यावर हजारोंची गर्दी. माणसं डोळ्यांदेखत एकेक करून लाटांत पडत होती आणि उतरायला कुणी धजेना. साउथ शील्ड्सच्या काही व्यापाऱ्यांनी मग उत्तम बचावनौकेच्या आराखड्याला दोन गिनींचं बक्षीस लावलं.

त्या दोन गिनींनी शतकभर पुरेल इतकं भांडण पैदा केलं. विल्यम वुडहेव हा तिथल्या चर्चमधला कारकून. त्याचा नमुना उलटला की आपोआप सुलटा होई. त्याला अर्धंच बक्षीस देऊ केलं, ते त्यानं नाकारलं, असं सांगतात. हेन्री ग्रेटहेड हा नौका बांधणारा. समितीनं त्याच्याकडून ‘ओरिजिनल’ नावाची नौका बांधून घेतली, ती ३० जानेवारी १७९० रोजी पाण्यात उतरली आणि चाळीस वर्षं चालली. १८०२ साली पार्लमेंटनं ग्रेटहेडला १,२०० पौंड दिले. वुडहेव गरिबीतच मेला. साउथ शील्ड्समध्ये आज दोघांचं एकच स्मारक आहे. माझं मत विचाराल तर कल्पना वुडहेवची मोठी होती आणि नौका ग्रेटहेडची. आणि दोघांपैकी एकानंही ती वल्हवली नाही. वल्हवणारे होते टाइनचे वाटाडे नावाडी.

ग्रेस डार्लिंगची कथा मराठी वाचकाच्या कानावर असण्याची शक्यता आहे. ७ सप्टेंबर १८३८ च्या पहाटे हलहून डंडीला निघालेली ‘फॉर्फरशर’ ही आगबोट, बॉयलर निकामी झालेला, फार्न बेटांतल्या बिग हार्कर खडकावर आपटून दोन तुकडे झाली. लाँगस्टोन दीपगृहाचा दिवेकरी विल्यम डार्लिंग आणि त्याची बावीस वर्षांची मुलगी ग्रेस यांनी उजाडल्यावर खडकावर माणसं हलताना पाहिली. दोघं होडी घेऊन गेली. विल्यमनं खडकावर उडी मारली तेव्हा होडी खडकावर आपटू न देता एकटीनं सांभाळली ती ग्रेसनं, आणि वल्ही मारण्यापेक्षा ते कठीण. पहिल्या फेरीत पाच जणांना आणलं. त्यात एक आई होती. तिची दोन मुलं तिच्या मांडीवरच गेली होती. दुसऱ्या फेरीत विल्यम वाचलेल्यांपैकी दोघांना घेऊन गेला आणि उरलेल्या चौघांना आणलं. बोटीवरच्या साठ-एक माणसांपैकी चाळीसहून अधिक गेली.

मग जे झालं ते या काळातल्या माणसाला समजायला अवघड जाणार नाही. चित्रकार बेटावर येऊन बसले. तिच्या केसांच्या बटांची मागणी होऊ लागली. सर्कशीतून बोलावणं आलं. राणी व्हिक्टोरियानं ५० पौंड पाठवले, नॉर्दंबरलंडच्या ड्यूकनं स्वतःकडे पालकत्व घेतलं. चार वर्षांनी, २० ऑक्टोबर १८४२ रोजी ती क्षयानं गेली, वय २६. ग्रेसचं धैर्य मी तसूभरही कमी लेखत नाही. पण त्याच सकाळी नॉर्थ संडरलंड गावातून सात जण मासेमारीच्या होडीतून निघाले होते, त्यांत ग्रेसचा सख्खा भाऊही होता. त्यांना वादळातून कितीतरी लांबचं अंतर वल्हवत यावं लागलं. पोचले तेव्हा खडकावर फक्त प्रेतं उरली होती. परतणं शक्य नव्हतं, म्हणून तेही लाँगस्टोनवरच अडकून पडले. त्यांची तसबीर कुणी काढली नाही. उशिरा पोचलेल्या राखणदाराला आपण कुठे ठेवतो, हा प्रश्न मला या प्रकरणातून सुटलेला नाही.

या सगळ्याला संस्थेचं रूप आलं ते ४ मार्च १८२४ रोजी लंडनमध्ये, सर विल्यम हिलरी यांच्या खटपटीतून. आजही ती संस्था सरकारची नाही. देणग्यांवर आणि मुख्यतः स्वयंसेवकांवर चालते. दीपगृहाला जहाजांकडून पट्टी घेता येते, पुलाला टोल लावता येतो, बुडणाऱ्याकडून मात्र वर्गणी घेता येत नाही. टाइनच्या मुखाशी १८६४ साली आणखी एक पाऊल पडलं. २४ नोव्हेंबरच्या रात्री ‘स्टॅन्ली’ ही आगबोट ब्लॅक मिडन्स नावाच्या खडकांवर, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर फुटली. दोर सोडणारी यंत्रं होती, पण ती हाताळणारी सरावलेली माणसं कमी पडली. बघ्यांच्या गर्दीतल्याच काहींनी मग पुढच्याच महिन्यात टाइनमाउथ इथे स्वयंसेवकांचं पथक उभारलं. १७८९ च्या गर्दीनं नौका दिली, १८६४ च्या गर्दीनं हात.

पुलांची गोष्ट जॉन स्मीटनपासून सुरू होते. हाच तो, ज्याचं नाव बेल रॉकच्या जहाजाला दिलं होतं. प्लिमथसमोरच्या एडिस्टोन खडकावर १७५९ साली दगडात दगड अडकवून त्यानं जो मनोरा उभा केला, त्याचाच धडा स्टीव्हन्सननं गिरवला. पाण्याखाली घट्ट होणाऱ्या चुन्याचा अभ्यासही स्मीटनचा. पण हा माणूस पूलही बांधत होता : ट्वीडवर कोल्डस्ट्रीमला, टे नदीवर पर्थला. दोन्ही आज वापरात आहेत. तिसरा, टाइनवर हेक्समचा. १७७१ च्या महापुरात टाइनवरचे जवळजवळ सगळे पूल गेले होते. न्यूकॅसलचा मध्ययुगीन पूल त्यावरच्या घरा-दुकानांसकट वाहून गेला. त्यानंतर हेक्समला स्मीटननं मोठ्या विश्वासानं नवा पूल बांधला. १७८० साली पुरा झाला, मार्च १७८२ मध्ये एका पुरात पडला. कमानी पक्क्या होत्या. पाण्यानं खांबांच्या पायाखालची रेती खरवडून नेली होती. ज्या माणसाचा मनोरा महासागरानं हलवला नाही, त्याचा पूल नदीनं पाडला. महाडच्या सावित्रीवरचा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, त्या आठवणीनं मराठी वाचकाला हे प्रकरण जरा जवळून वाचावंसं वाटेल.

ट्वीडवरचा युनियन चेन ब्रिज मात्र समुद्राचं थेट देणं आहे. कॅप्टन सॅम्युएल ब्राउन हा आरमारी अधिकारी जहाजांच्या नांगरांसाठी लोखंडी साखळदंड बनवत होता. तेच तंत्र वापरून १८२० साली त्यानं ४४९ फुटांचा झुलता पूल टांगला. उद्‌घाटनाला बघ्यांमध्ये बेल रॉकचा स्टीव्हन्सन हजर होता, आणि नंतर त्यानं त्यावर सविस्तर लेख लिहिला. दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये तो पुन्हा सुरू झाला आहे. अजूनही त्यावरून मोटारी जातात.

टे नदीच्या मुखावरचा रेल्वेपूल हे या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण आहे. त्याचा अभियंता थॉमस बूच. नदीच्या तळाशी सलग खडक आहे असा अहवाल होता. काम सुरू झाल्यावर कळलं की तो खडक नव्हेच, चिकणमातीवरचा कठीण खडीचा पातळ थर आहे. वजन कमी करायला हवं म्हणून दगड-विटांच्या खांबांऐवजी बिडाचे खांब आले. वर्मिटच्या ओतशाळेत त्यांतली भोकं मेण, लोखंडाचा कीस आणि काजळी यांच्या लुकणानं बुजवली जात. १ जून १८७८ रोजी पूल खुला झाला. पुढच्या वर्षी राणी त्यावरून गेली आणि बूचला ‘सर’ ही पदवी मिळाली. २८ डिसेंबर १८७९, रविवार, संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास, वादळात मधले उंच गर्डर गाडीसकट कोसळले. डंडीकडून दोन रेल्वे कर्मचारी रुळांवर रांगत पुढे गेले, तेव्हा पूल संपला होता आणि तुटलेल्या नळातून पाणी उडत होतं. मृतांचा तेव्हा धरलेला ७५ चा आकडा आता ५९ च्या आसपास मानतात. वाचलं कुणीच नाही. इंजिन मात्र नदीतून काढून पुन्हा रुळावर आलं. रेल्वेवाल्यांनी त्याचं नाव ‘डायव्हर’ ठेवलं.

चौकशीत वाऱ्याच्या दाबाचा हिशेबच नीट धरला नसल्याचं निघालं. बूच वर्षभरात मेला. दोष त्याचा होताच. पण माझं लक्ष हेन्री नोबल या दुसऱ्याच माणसावर जातं. पुलाच्या देखरेखीवर नेमलेला हा माणूस मुळात विटांच्या कामातला. त्याच्याकडून अपेक्षा एवढीच की नदी खांबांचे पाय खरवडते का ते पाहावं. हेक्समचा धडा रेल्वेनं पाठ केला होता! नोबलनं ते काम मन लावून केलं. वर खांबांचे ताण-दांडे सैल होऊन खडखडत आहेत हे त्याला ऐकू आलं, तेव्हा त्यानं स्वतःच लोखंडाच्या पट्ट्या आणून सांध्यांत ठोकल्या आणि बूचला कळवलं नाही. पाण्यावर नजर ठेवायला नेमलेल्या राखणदाराला वाऱ्याबद्दल कुणी शिकवलं नव्हतं.

त्याचा परिणाम फोर्थवर दिसतो. तिथे बूचचाच झुलता पूल व्हायचा होता. तो रद्द झाला, आणि फाउलर व बेकर यांनी दर चौरस फुटाला ५६ पौंड वाऱ्याचा दाब धरून पोलादाचा जो अवाढव्य पूल बांधला, तो ४ मार्च १८९० रोजी खुला झाला. कुणी त्याला सुंदर म्हणो, कुणी अजस्र. बांधताना गेलेल्यांची संख्या आधी ५७ धरली जाई, अलीकडच्या शोधानंतर ती ७३ झाली. पण काम चालू असताना खाली वल्ह्यांच्या होड्या उभ्या ठेवल्या होत्या आणि त्यांनी पाण्यात पडलेल्या आठ जणांना वाचवलं. पूल बांधणाऱ्यांनी बचावनौका ठेवली, हे या किनाऱ्यावर माझ्या माहितीत इतक्या पद्धतशीरपणे पहिल्यांदाच दिसतं. त्या होड्यांतल्या माणसांबद्दल पुलाच्या ग्रंथांमध्ये एखाद-दुसरी ओळ आहे.

पुस्तक काळाच्या क्रमानं नाही, दक्षिणेकडून उत्तरेकडे जातं; त्यामुळे कधी शंभर वर्षं मागे यावं लागेल. अंतरं मैलांत आणि उंच्या फुटांत ठेवल्या आहेत, कारण त्या माणसांनी मोजल्या त्या तशाच. दीपगृहांच्या भिंगांची गणितं मी जवळजवळ टाळली आहेत. साउथ शील्ड्सजवळचं सूटर दीपगृह १८७१ साली विजेच्या दिव्यासाठीच बांधलं गेलं, एवढ्यावर ते प्रकरण आटोपतं. त्यात माणसं कमी आणि यंत्रं जास्त.

शेवटचं प्रकरण १९५९ सालचं आहे. ८ डिसेंबरच्या पहाटे फाइफच्या टोकाजवळचं नॉर्थ कार हे दीपजहाज साखळी तुटून वादळात भरकटलं. इतरांना वाट दाखवणारंच संकटात सापडलं. त्याच्या मदतीला टेच्या मुखावरच्या ब्रॉटी फेरीतून ‘मोना’ ही बचावनौका निघाली. ती उलटली आणि आठही स्वयंसेवक गेले. दीपजहाज मात्र बुडालं नाही. त्यावरचे सहाही जण दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरनं सुखरूप उचलले गेले. थोड्याच दिवसांत ब्रॉटी फेरीत नव्या नौकेवर जायला स्वयंसेवक पुढे आले. १९८८ साली बेल रॉकवरून शेवटचे दिवेकरी उतरले आणि तो दिवा आपोआप चालू लागला. त्यापुढची राखण हेलिकॉप्टरची, उपग्रहांची आणि एडिंबरातल्या नियंत्रणकक्षाची आहे. ती या पुस्तकाच्या कक्षेत येत नाही.